मामांची पद्मिनी उजवीकडे वळते

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता आणि दिवे गेले की मेणबत्ती शोधण्यापुरता. तेव्हा मोटारीच्या दिव्यांवर मी लेख लिहावयाचा म्हणजे भलतेच धाडस. आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. चुका काढणारे कमी निघतील. पण हा उद्योग मी केला आहे, त्यात माझ्या दोन सुट्या गेल्या आहेत, बोटे भाजली आहेत, आणि त्यातून जे कळले ते माझ्यासारख्या अडाण्यालाही समजेल असे आहे. म्हणून हा खटाटोप.

वाईजवळच्या एका वाडीत माझे मामा राहतात. एसटीच्या आगारात ते इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ही मोटार आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी मुंबईत टॅक्सीच्या रूपाने पाहिली असेल. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाईट म्हणून ती तयार होऊ लागली, १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. मामांची मात्र खासगी आहे, पांढरी आहे, आणि अजून चालते. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला, आणि मागे मडगार्डांच्या टोकांना लहानसे दिवे. ह्या लहानशा दिव्यांपासूनच आमची गोष्ट सुरू होते.

२०२२ च्या उन्हाळ्यात पाचवडहून वाईकडे येताना मामा संध्याकाळी वाडीच्या रस्त्याला उजवीकडे वळत होते. इंडिकेटर लावला होता. वेग कमी केला होता. तेवढ्यात मागून एक पिकअप उजव्या अंगाने पुढे काढायला आला आणि मामांच्या बाजूचे दार व पुढचे मडगार्ड खरवडून गेला. मामी शेजारी बसल्या होत्या. कोणाला इजा झाली नाही. पण चाक आणखी हातभर वळले असते तर काय झाले असते, हे मामा त्या रात्री दोन-तीनदा बोलून दाखवीत होते. पिकअपचा ड्रायव्हर पोरगाच होता, भांडखोरही नव्हता. तो म्हणाला, “काका, दिवा दिसला की मला. मला वाटलं, तुम्ही साईड देताय.”

ह्या एका वाक्यावर मामा आठवडाभर विचार करीत होते. आपल्याकडे हमरस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा दिवा लावला की त्याचे दोन अर्थ होतात. एक, ‘मी उजवीकडे वळतो आहे.’ दुसरा, ‘रस्ता मोकळा आहे, तू उजवीकडून पुढे जा.’ दुसरा अर्थ कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, तो रस्त्याने स्वतः ठरविलेला आहे. दोन्ही अर्थ एकमेकांच्या नेमके उलट. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो ये. आणि दोहोंना शब्द एकच: उजवा दिवा. भाषाशास्त्राच्या तासाला आपण अनेकार्थी शब्द शिकतो ते संदर्भाने उलगडतात असे सांगितले जाते. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या पिकअपला संदर्भ पाहावयास वेळ नसतो.

मामा म्हणाले, “अरे, गाडी जाते एकीकडं आणि दिवा जागच्या जागी उघडझाप करतो. मागच्याला कळायचं कसं? पूर्वी आम्ही हात काढायचो. हात कसा, स्वतः सांगतो.”

हे खरे आहे. १९८९ च्या रस्ता नियमावलीत हाताच्या खुणा दिलेल्या आहेत. उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळावयाचे असेल तर अडचण येते, कारण आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो व त्याचा डावा हात बाहेरच्याला दिसत नाही. मग उजवाच हात बाहेर काढून तो घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवावयाचा. म्हणजे हात उजवीकडे आणि अर्थ डावीकडे. तो अर्थ हाताच्या जागेत नसून हालचालीत असतो. फार जुन्या मोटारींत दारांमधल्या खांबातून एक लहानसा लोखंडी हात फटकन बाहेर येत असे, त्यातही हीच कल्पना होती. पुढे लुकलुकता दिवा आला, आणि तो हाताची जागा तेवढी घेऊन बसला, हालचाल विसरला.

ही हालचाल दिव्यात परत आणण्याची कल्पना अर्थातच मामांची नव्हे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६५ च्या थंडरबर्ड मोटारीत मागच्या बाजूस रुंद दिवा बसवून त्याचे प्रत्येक बाजूला तीन भाग केले. वळताना आधी आतला भाग पेटे, मग मधला, मग बाहेरचा. उजेड जणू वळणाच्या दिशेने धावे. हा दिवा खरे म्हणजे १९६४ सालच्याच मॉडेलला यावयाचा होता, पण काही राज्यांच्या दिव्यांविषयीच्या नियमांत तो बसेना, म्हणून वर्षभर थांबावे लागले. १९६७ च्या मर्क्युरी कूगरमध्येही तो होता. तेव्हाची यंत्रणा पाहून गंमत वाटते. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स नावालाही नाही. डिकीत एक चिमुकली मोटर, तिच्या आसावर उंचवटे असलेल्या चकत्या. चकती फिरली की उंचवटा एकेक स्विच दाबीत जातो. देवळातल्या चौघड्याला मोटर लावतात तसलाच प्रकार. पुढे ट्रान्झिस्टर आले व चकत्या गेल्या. मग ही पद्धत मागे पडली, आणि २०१० च्या मस्टँगमध्ये फोर्डनेच ती परत आणली. आता पुष्कळ महागड्या मोटारींत ती दिसते.

मी मोबाईलवर मामांना अशा एका मोटारीचे चलच्चित्र दाखविले. ते तीनदा पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “हे आपण करायचं.” ‘आपण’ म्हणजे कोण, हे मला दिवाळीच्या सुटीत कळले.

सामान आणावयास आम्ही पुण्याला बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. तिथे दुकानदार वस्तू वजनाने विकावी तशा चिमटीने मोजून देतात. आमच्या पेठेत टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी यादी लिहून दिली होती: ५५५ नावाची एक चिप, ४०१७ नावाची दुसरी, काही ट्रान्झिस्टर, रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि पिवळ्या-नारिंगी रंगाचे एलईडी दिवे.

ह्या ५५५ विषयी थोडे सांगितले पाहिजे. हान्स कामेन्झिंड नावाच्या स्विस तंत्रज्ञाने अमेरिकेत सिग्नेटिक्स ह्या कंपनीसाठी १९७१ साली तिची रचना केली, १९७२ मध्ये ती बाजारात आली, आणि पन्नास वर्षे लोटली तरी ती गल्लीतल्या प्रत्येक दुकानात मिळते. आठ पायांची ही चिप; मामा तिला कोळी म्हणत. तिचे काम एवढेच की बाहेर जोडलेला कंडेन्सर भरला की रिकामा करावयाचा, रिकामा झाला की भरू द्यावयाचा, आणि प्रत्येक वेळी एक टिचकी वाजवावयाची. कंडेन्सर किती मोठा आणि त्याला वीज पोचविणारा रेझिस्टन्स किती अरुंद, ह्यावर टिचक्यांचा वेग ठरतो. आम्ही १० हजार व ६८ हजार ओहमचे रेझिस्टन्स आणि १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. सेकंदाला सुमारे दहा टिचक्या मिळाल्या. दुसरी चिप, ४०१७, ह्या टिचक्या मोजते. तिला मोजणीचे दहा पाय आहेत. पहिल्या टिचकीला पहिल्या पायावर वीज, दुसरीला दुसऱ्यावर, असे एका वेळी एकच. शाळेत हजेरी घेताना एकेक मुलगा उभा राहून बसतो तसे. आम्ही तिला तीन दिवे आणि एक रिकामी जागा एवढेच मोजावयास लावले.

चिपच्या पायातून दिवा पेटेल एवढी वीज मात्र निघत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो. चिप त्याला नुसता इशारा करते आणि तो बॅटरीची वीज दिव्याला सोडतो. साहेबाची सही आणि शिपायाची धावपळ. दिवे आम्ही बल्बचे न करता एलईडीचे केले. पद्मिनीच्या इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर खाणारा. तसे तीन-तीन नवे बल्ब लावले तर जुन्या तारांचे हाल. नारिंगी एलईडी एकेक सुमारे २.१ व्होल्ट घेतो. चार ओळीने जोडले की ८.४ होतात, आणि इंजिन चालू असता बॅटरीचे १३.८ व्होल्ट धरले तर उरलेले ५.४ व्होल्ट २७० ओहमच्या रेझिस्टन्सने जिरवावयाचे. अशा पाच ओळी म्हणजे वीस एलईडींचा एक दिवा, आणि तो केवळ एक दशांश अँपिअर घेतो. असे तीन दिवे डावीकडे, तीन उजवीकडे, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर. पट्टी बंपरच्या वर दोन बोल्टांनी बसविली. गाडीच्या मूळ दिव्यांना हात लावावयाचा नाही, ही मामांची अट होती. तिचे कारण पुढे येईल.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी पेटली. धावणारा ठिपका पाहून आम्ही दोघेही लहान मुलासारखे हसलो. वाडीतली पोरे जमली. मामी म्हणाल्या, “गणपतीला लाव की हे.”

खरी परीक्षा सुटीनंतर झाली. मामा एका रविवारी गाडी साताऱ्याला घेऊन आले आणि मी माझ्या वर्गातल्या मित्रांना मैदानावर साठ पावलांवर पाठमोरे उभे केले. मी टाळी वाजवीन तेव्हा वळून एक क्षण पाहावयाचे, लगेच परत पाठ करावयाची आणि गाडी कुठे वळते आहे ते ओरडावयाचे. रस्त्यावर मागचा माणूस आपल्या दिव्याकडे टक लावून बसलेला नसतो, त्याला असाच एक कटाक्ष मिळतो, म्हणून ही युक्ती.

परिणाम लाजिरवाणा होता. उजवीकडच्या पट्टीला निम्म्याहून अधिक जण “डावीकडे” म्हणाले. पाहिले तर डावी पट्टी तयार केल्यावर तीच उलटी करून मी उजवीकडे लावली होती, पण तारा जोडताना पुन्हा एकदा उलटविल्या, आणि ठिपका बाहेरून आत धावू लागला होता. मामांच्या बाजूला वळतो म्हणणारी गाडी दिव्याने ‘मी दुसरीकडे जातो’ असे म्हणत होती. तारा बदलल्या. तरी तिघे-चौघे काही सांगू शकेनात. एकाने चांगले उत्तर दिले: “मी पाहिलं तेव्हा एकच दिवा लागलेला होता. एका दिव्यावरून मी काय ओळखू?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. धावणारा ठिपका पाहणाऱ्याकडून सलग लक्ष मागतो. एका वेळी एकच दिवा पेटत असल्याने उजेडही तिसरा हिस्सा. शिवाय आमची घड्याळचिप मूळ फ्लॅशरला विचारीत नव्हती. बल्ब आपल्या तालात आणि पट्टी आपल्या तालात, शेजारी-शेजारी दोन भजनी मंडळे बसावीत तशी. चार टिचक्यांचा फेरा म्हणजे मिनिटाला दीडशे वेळा. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळाच लुकलुकला पाहिजे. आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे मामांनी हॉर्न वाजविला की मोजणारी चिप दचके व भलत्याच दिव्यावरून सुरुवात करी. हॉर्नच्या गुंडाळीतून विजेचा जो झटका तारांत येतो, त्याला ती टिचकी समजत होती.

ह्या हॉर्नच्या भानगडीचा शोध घेताना मामांनी मीटर काढला. मागच्या मूळ बल्बाच्या होल्डरवर त्यांनी सहज टोके टेकविली आणि गप्प झाले. बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते, बल्बावर ९.९. “अर्थ खाल्लाय,” ते म्हणाले. मोटारीत एक तार बॅटरीकडून दिव्याकडे जाते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. त्याला मेकॅनिक अर्थ म्हणतात. तेहतीस पावसाळ्यांनी दिव्याच्या घराखालचा पत्रा गंजला होता आणि वीज त्या गंजातून वाट काढीत होती. ह्याचा परिणाम वाटतो त्याहून फार मोठा असतो. तारेच्या बल्बला मिळणारे व्होल्ट पाऊणपट झाले तर उजेड पाऊणपट होत नाही, सुमारे ३८ टक्क्यांवर येतो. कारण तार जरा थंड झाली की तिच्यातून निघणारा उजेड फार झपाट्याने घटतो, आणि नुसता घटत नाही, तांबूसही होतो. म्हणजे पिकअपवाल्याला त्या संध्याकाळी दिसला तो मामांच्या इंडिकेटरचा जेमतेम तिसरा हिस्सा.

आगारात तीस वर्षे दुसऱ्यांच्या बसगाड्यांचे अर्थ घासलेला माणूस स्वतःच्या गाडीपाशी फसला होता. मामा त्या दिवशी जेवलेही कमी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सँडपेपरने पत्रा चकचकीत केला, नवी तार ओढली, काच आतून साबणाने धुतली. बल्बावर १२.७ व्होल्ट आले. मला वाटले, आता पट्टीचे काम संपले. मी तसे म्हणालोही. मामा म्हणाले, “उजेड वाढला. अर्थ कुठं वाढला?” हा श्लेष त्यांनी मुद्दाम केला की नकळत, ते मला अजून ठरविता आलेले नाही.

दुसरी रचना उन्हाळ्याच्या सुटीत केली, आणि ती पहिलीपेक्षा सोपी आहे. चांगल्या रचना बहुधा उशिरा सुचतात. ह्या वेळी घड्याळ नाही, मोजणी नाही. पट्टीला वीज मूळ इंडिकेटरच्या तारेतूनच घेतली. फ्लॅशरने बल्ब पेटविला की पट्टी जागी होते, विझविला की मरते. ताल आपोआप एक. पद्मिनीतला जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो: त्यातली बारीक तार वीज गेली की तापून लांबते, संपर्क बदलतो, निवली की पूर्ववत होते, आणि आपण ऐकतो ती टिक-टिक ह्या संपर्काची. त्याचा वेग पुढच्या-मागच्या मिळून दोन बल्बांच्या साडेतीन अँपिअरवर बेतलेला असतो. मूळ बल्ब काढून सगळे एलईडी केले तर तो गोंधळतो. आम्ही बल्ब ठेवले होते, त्यामुळे आमची पट्टी त्याच्या खिजगणतीतही आली नाही.

आता तीन दिवे एकामागून एक कसे पेटवावयाचे? एक रांजण कल्पा. बारीक धारेने तो भरतो आहे. आत भिंतीवर दोन रेघा आहेत. वीज आली की पहिला दिवा तत्काळ लागतो. पाणी पहिल्या रेघेला पोचले की दुसरा, दुसऱ्या रेघेला पोचले की तिसरा. लागलेला दिवा विझत नाही. फ्लॅशर सर्वांना एकदम विझवितो. रांजण म्हणजे १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, धार म्हणजे दीड लाख ओहमचा रेझिस्टन्स. रेघा म्हणजे एकाखाली एक जोडलेले तीन रेझिस्टन्स, ज्यांच्या सांध्यांवर बॅटरीच्या व्होल्टांचे ठराविक हिस्से मिळतात. पाणी रेघेवर आले की नाही हे पाहण्याचे काम एलएम ३९३ ही चिप करते. हीसुद्धा कोळीच, तिच्या पोटात दोन तुलना करणारे बसलेले असतात. ह्या मांडणीत एक मोठी सोय आहे. बॅटरी १२ व्होल्टवर असो की १४ वर, रांजणही त्याच प्रमाणात उंच होतो आणि रेघाही वर सरकतात, म्हणून वेळ बदलत नाही.

ह्या चिपने मला एक रात्र जागविले. सर्व जोडून झाले आणि दोन दिवे काही केल्या लागेनात. टीव्हीवाल्या गृहस्थांनी सकाळी पाहून सांगितले की ह्या चिपचा निकालाचा पाय स्वतः वीज देतच नाही. तो फक्त जमिनीकडे ओढतो किंवा सोडून देतो. वर खेचणारा रेझिस्टन्स आपण लावावयाचा, म्हणजे त्याने सोडले की ट्रान्झिस्टर जागा होतो. नकार देणे त्याच्या हाती, होकार मात्र दुसऱ्याने द्यावयाचा. एक रेझिस्टन्स लावला, दिवे लागले.

पण चालीत लंगडेपणा होता. रेघा मी रांजणाचे तीन समान भाग करून मारल्या होत्या. कंडेन्सर मात्र सारख्या वेगाने भरत नाही. जसजसा भरतो तसतसा आत शिरणाऱ्या विजेचा जोर कमी होतो. त्यामुळे दुसरा दिवा सेकंदाच्या हजार भागांपैकी साठाव्याला लागे आणि तिसरा एकशेपासष्टाव्याला. डोळ्यांना हा फरक कळतो, हे मला खरे वाटले नसते, पण कळतो. म्हणून खालची रेघ वर सरकविली. खालून १० हजार, मध्ये ५.६ हजार आणि वर ८.२ हजार ओहम असे रेझिस्टन्स लावल्यावर रेघा ४२ आणि साडेपासष्ट टक्क्यांवर आल्या, आणि वेळा सुमारे ८२ व १६०. आता पावले सारखी पडू लागली. तरी डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या वेगाने चाले. बाजारू इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे माप छापल्याहून वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. ते काढून पॉलिएस्टरचे घातले.

रांजण रिकामा कसा करावयाचा, ह्याचे उत्तर मूळ बल्बाने दिले. फ्लॅशरने वीज तोडली की बल्बाची तार त्या वाहिनीला सरळ जमिनीशी जोडून ठेवते. कंडेन्सरवरून वाहिनीकडे एक डायोड लावला, की साठलेली वीज क्षणात बल्बामार्गे निघून जाते आणि पुढचा फेरा रिकाम्या रांजणापासून सुरू होतो. जुन्या बल्बाने नव्या पट्टीला असे पाणी पाजलेले पाहून मामा खूश झाले.

युरोपातल्या नियमांत अशा धावत्या दिव्यांना परवानगी आहे, त्याच्या अटी नंतर माझ्या वाचनात आल्या. उजेड आतून बाहेर गेला पाहिजे. लागलेला प्रत्येक भाग फेरा संपेपर्यंत पेटता राहिला पाहिजे. आणि सर्व भाग सेकंदाच्या पाचव्या हिस्स्याच्या आत पेटले पाहिजेत. मैदानावर साठ पावलांवरून आमच्या मित्रांनी जे सांगितले, तेच कोणीतरी कायद्यात लिहून ठेवले होते. आमच्या फ्लॅशरचा वेग मिनिटाला ऐंशीच्या आसपास आहे. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दिवे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक काळ पेटतात. त्यातला निम्म्याहून अधिक काळ तिन्ही दिवे भरून उभे असतात. ज्याने धावणे पाहिले नाही त्याला निदान लांब पट्टा दिसतो.

पुन्हा मैदान, पुन्हा टाळ्या. ह्या वेळी कोणी चुकले नाही. मग मामांनी वाडीतल्या दूधगाडीच्या ड्रायव्हरला अंधार पडल्यावर पाचवडपासून मागे यावयास सांगितले, काय पाहावयाचे ते न सांगता. वळणावर तो थांबला, उतरून म्हणाला, “हे काय लावलंय? पण कळतंय बरं का, तुम्ही जाताय.” ‘तुम्ही जाताय’ हे दोन शब्द मामांना हवे होते. अर्थात एका माणसाच्या साक्षीवर निकाल देऊ नये, हे मीही जाणतो. साईड देण्याचा अर्थ ज्याच्या डोक्यात पक्का बसला आहे, त्याला धावता दिवासुद्धा ‘इकडून ये’ असे बोलावीत असल्यासारखा वाटू शकेल.

आता ती अट. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. मामांच्या गाडीची पाळी २०२४ मध्ये होती. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की गाडीत असा फेरफार करू नये, ज्याने नोंदणीतील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ रूपाहून वेगळे पडतील. पट्टीचा तपशील नोंदणीपुस्तकात कुठे येतो, असा वाद मी घातला. तपासणीच्या दिवशी दोन बोल्ट काढले की झाले, असेही सुचविले. मामांनी दोन्ही ऐकले नाही. पट्टी लावूनच ते गाडी घेऊन गेले आणि तपासणाऱ्या साहेबांना स्वतः दाखविली.

साहेबांनी ती चालू करावयास लावली. मागे जाऊन पाहिली, पुन्हा पाहिली. कोणी बनविली ते विचारले, मी कला शाखेचा आहे हे ऐकून हसले. मग म्हणाले, “मूळ दिवे एकदम झकास आहेत, त्यावर गाडी पास होते. ही पट्टी कंपनीची नाही, हिचं प्रमाणपत्र नाही. रस्त्यावर नको.” मामांनी “बरं” म्हटले, खिशातून बारा नंबरचा पाना काढला आणि तिथेच पट्टी उतरविली. पाना ते बरोबर घेऊनच गेले होते.

पट्टी सध्या डिकीत आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तारेला कनेक्टर तसाच. जुन्या गाड्यांचे संमेलन भरले की मामा ती दोन बोल्टांनी चढवितात आणि माणसे गोळा होतात. एरवी वाडीच्या वळणावर ते इंडिकेटर लावतात, काच खाली करतात आणि उजवा हात तळवा पुढे करून सरळ बाहेर काढतात. मागच्या महिन्यात मी शेजारी बसलो होतो. मागून आलेला ट्रक थांबला.